तिसऱ्याचे मत कुठे जाते?

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात आम्ही वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतली. नागरिकशास्त्राचा धडा पुस्तकातून वाचून दाखवण्यापेक्षा करून दाखवावा, एवढाच हेतू होता. वर्गात चाळीस मुले-मुली. उमेदवार तीन: एक क्रिकेटच्या संघाचा कर्णधार, दुसरी वर्गात पहिली येणारी मुलगी आणि तिसरा एक शांत मुलगा. कुणी आजारी पडले की त्याच्या वह्या पूर्ण करून देणारा, डबा विसरलेल्याला आपल्यातला अर्धा देणारा. चिठ्ठ्या मोजल्या. कर्णधाराला १७, मुलीला १४, शांत मुलाला ९.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम पुन्हा मतदान घेतले. उमेदवार तेच, मतदार तेच. या वेळी मुलीला २०, कर्णधाराला १९ आणि शांत मुलाला एक मत पडले. ते त्याचे स्वतःचेच असावे. मुलांना विचारले, "काल नऊ जणांना तो चांगला वाटत होता, आज वाईट झाला का?" एक मुलगी म्हणाली, "नाही सर, चांगला तोच आहे. पण तो येणारच नाही, मग मत कशाला वाया घालवायचे?"

अपक्ष आणि तिसरा उमेदवार का पडतो, याचे उत्तर त्या मुलीने एका वाक्यात दिले होते. मोठ्या माणसांच्या निवडणुकीतही हेच घडते. फरक इतकाच की तिथे पहिल्या दिवसाची मोजणी कुणी करत नाही. गावातल्या कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर आपण ती मनातच करतो आणि थेट दुसऱ्या दिवसाचे मत देऊन मोकळे होतो.

एक जागा, एकच विजेता

आपल्याकडे विधानसभा आणि लोकसभेला एका मतदारसंघातून एकच माणूस निवडून येतो. ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत, अशी अट नाही. दुसऱ्या क्रमांकावरच्याला काही मिळत नाही, तिसऱ्याला तर नाहीच नाही. मोरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ साली आपल्या पुस्तकात मांडले की अशी पद्धत जिथे असते तिथे लढत हळूहळू दोघांतच उरते. त्याने कारणे दोन सांगितली. पहिले मोजणीचे: तिसऱ्याला मते मिळाली तरी जागा मिळत नाही. दुसरे मनाचे: मते देऊन जागा मिळत नाही हे कळल्यावर लोक मतेही देईनासे होतात. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी पहिले कारण दिसले, दुसऱ्या दिवशी दुसरे.

परदेशातही हेच आहे. अमेरिकेत १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रॉस पेरो या अपक्ष उमेदवाराने जवळजवळ १९ टक्के मते घेतली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींपैकी एकही त्याच्या वाट्याला आला नाही. ब्रिटनमध्ये २०२४ साली लेबर पक्षाने सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी चारशेहून अधिक जागा जिंकल्या. रिफॉर्म पक्षाला सुमारे १४ टक्के मते मिळाली आणि जागा मिळाल्या पाच.

"आपल्या देशात तर पक्षांची जत्रा आहे, मग दोघांची लढत कुठली?" असे कुणी म्हणेल. देशात पक्ष पुष्कळ आहेत हे खरे. पण एकेका मतदारसंघात पाहा. कुठे हे दोघे, कुठे ते दोघे. खरी झुंज बहुतेक ठिकाणी दोघांचीच. आपल्या कडेगाव तालुक्याइतके याचे स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

आपल्याच अंगणातली गोष्ट

आजचा पलूस-कडेगाव मतदारसंघ २००९ पासूनचा. त्याआधी इथे भिलवडी-वांगी मतदारसंघ होता. सोनसळचे पतंगराव कदम इथे १९८० साली अवघ्या ८६ मतांनी पडले. १९८५ साली ते निवडून आले, तेही अपक्ष म्हणून. पुढे ते काँग्रेसचे मोठे नेते आणि मंत्री झाले. १९९५ साली त्याच पतंगरावांना संपतराव देशमुखांनी हरवले आणि संपतरावही अपक्षच होते. त्यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत देशमुख घराण्यातलेच पृथ्वीराज देशमुख निवडून आले. म्हणजे दहा वर्षांत दोन वेळा या भागाने अपक्ष आमदार दिला.

हे वाचून वाटेल की मग अपक्ष पडतात असे कसे म्हणायचे? पण थोडे थांबून पाहा. १९८५ साली पतंगराव काही अनोळखी नव्हते. पाच वर्षांपूर्वी ८६ मतांनी हुकलेला माणूस, १९६४ साली स्थापन केलेली भारती विद्यापीठ ही संस्था पाठीशी, गावोगावी कार्यकर्ते. लोकांच्या हिशेबात तो माणूस आधीच पहिल्या दोघांत होता. १९९५ साली कदमांच्या विरोधातले जे कुणी होते, त्यांच्यासाठी देशमुखांचा वाडा हीच दुसरी बाजू होती. दोघांनाही पक्षाचे चिन्ह नव्हते, पण दोघेही 'तिसरे' नव्हते.

त्याच १९९५ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात ४५ अपक्ष आमदार झाले आणि त्यांच्या पाठिंब्यावर युतीचे सरकार उभे राहिले. त्यानंतरचे आकडे पाहा. २००९ साली २४ अपक्ष, २०१४ साली ७, २०१९ साली १३ आणि २०२४ साली फक्त दोन: जुन्नरला शरद सोनवणे आणि चंदगडला शिवाजी पाटील. हे दोघेही मुळात पक्षाचेच कार्यकर्ते, उमेदवारी न मिळाल्याने उभे राहिलेले. 'अपक्ष' म्हणजे पक्षाशी संबंध नसलेला माणूस, असे आपण समजतो. निवडून येणारा अपक्ष बहुधा पक्षाच्या घरातून रुसून बाहेर पडलेला भाऊ असतो.

सांगली लोकसभेने तर हा धडा पाच वर्षांच्या अंतराने दोनदा गिरवला. २०१९ साली भाजपचे संजयकाका पाटील ५,०८,९९५ मते घेऊन जिंकले. विशाल पाटील स्वाभिमानी पक्षाकडून उभे होते, त्यांना ३,४४,६४३ मते पडली आणि वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांना ३,००,२३४. दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज विजेत्यापेक्षा जवळजवळ १,३६,००० ने जास्त होते. ती सगळी मते एकाच ठिकाणी गेली असती असे कुणी सांगू शकत नाही. पण तीन लाख माणसांनी एका माणसाला मत दिले आणि त्यांच्या वाट्याला काहीच आले नाही, हे मात्र नक्की.

२०२४ साली ही जागा महाविकास आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली. पैलवान चंद्रहार पाटील अधिकृत उमेदवार झाले. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा. निकाल सर्वांना ठाऊक आहे. विशाल पाटलांना ५,७१,६६६, संजयकाकांना ४,७१,६१३ आणि चंद्रहार पाटलांना ६०,८६०. पक्षाची मशाल हातात असलेल्या उमेदवाराची अनामत गेली आणि पक्ष नसलेला माणूस एक लाखाच्या फरकाने खासदार झाला. त्या निवडणुकीत सबंध देशातून फक्त सात अपक्ष लोकसभेत पोचले आणि महाराष्ट्रातून हे एकच.

यातून आम्हाला एक गोष्ट पटली. लोक अपक्षाला नाकारत नाहीत, लोक तिसऱ्याला नाकारतात. मग तो तिसरा अपक्ष असो, छोट्या पक्षाचा असो की मोठ्या आघाडीचा अधिकृत उमेदवार असो. सांगलीच्या मतदाराने मतदानाच्या आधीच ठरवले होते की झुंज कुणा दोघांत आहे. ज्याला त्याने तिसरा मानले, तो संपला.

दोघांपैकी एक नसला तर?

पलूस-कडेगावची २०१९ ची विधानसभा आठवा. इथले दोन गट कदम आणि देशमुख. त्या वर्षी युतीच्या वाटपात जागा शिवसेनेकडे गेली आणि देशमुख गटाला उमेदवारीच उरली नाही. विश्वजित कदमांना १,७१,४९७ मते पडली. दुसऱ्या क्रमांकावर कोण? 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटा. त्या बटणाला २०,६३१ मते आणि शिवसेनेच्या उमेदवाराला नऊ हजारांच्या आत. वीस हजारांवर लोक उन्हातान्हात रांगेत उभे राहिले आणि 'आमचा माणूस इथे नाही' एवढे सांगून घरी गेले. पाच वर्षांनी, २०२४ साली, संग्राम देशमुख भाजपकडून उभे राहिले तेव्हा त्यांना एक लाखावर मते पडली आणि लढत सुमारे तीस हजारांच्या फरकाची झाली. मतदार होताच, त्याला दुसरी बाजू हवी होती.

नोटाने निकाल बदलत नाही. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालचा उमेदवार विजयीच ठरतो. पण त्या वीस हजार मतांकडे पाहिले की कळते, तिसऱ्या उमेदवाराला मत न देणारा माणूस आळशी किंवा अडाणी नसतो. त्याला आपल्या मताची किंमत नीट कळते.

धावण्याआधीच मागे

मनाचा हिशेब एकीकडे, पण कायद्याच्या वाटेवरही अपक्षाला चढ जास्त आहे. आम्ही शिक्षक मंडळी मतदान केंद्रावर बसतो, त्यामुळे यातले पुष्कळ जवळून पाहायला मिळते.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. विधानसभेची अनामत १०,००० रुपये, लोकसभेची २५,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांश मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. पक्षाचे चिन्ह वर्षानुवर्षे भिंतीवर असते. अपक्षाला चिन्ह मिळते ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. तिथून मतदानाला साधारण दोन आठवडे उरतात. तेवढ्यात ते चिन्ह डोंगराईच्या पायथ्यापासून कृष्णाकाठापर्यंत घरोघरी पोचवायचे. मतदान यंत्रावर नावेही आधी मान्यताप्राप्त पक्षांची, मग नोंदणीकृत पक्षांची आणि शेवटी अपक्षांची.

खर्चाचेही तसेच. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये. पण पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि स्टार प्रचारकांचा प्रवास त्या उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. अपक्षाच्या मागे पक्षच नाही, त्यामुळे त्याची प्रत्येक जीप, प्रत्येक मंडप, प्रत्येक चहा त्याच्याच वहीत लिहिला जातो. मर्यादेपर्यंत पोचण्याइतके पैसे त्याच्याकडे नसतात, ही गोष्ट आणखी वेगळी.

चिन्हाला किती वजन असते, ते शेजारच्या साताऱ्याने २०२४ साली दाखवले. तिथे शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावर उभे होते. एका अपक्षाला ट्रम्पेट हे चिन्ह मिळाले आणि मराठीत त्याचेही नाव 'तुतारी' असेच लिहिले गेले. फारसा प्रचार नसलेल्या त्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. उदयनराजे भोसले जिंकले ते ३२,७७१ मतांनी. ती मते चुकून पडली की समजून, हे प्रत्येक मतदाराच्या मनालाच ठाऊक. पण चिन्ह हेच माणसाचे नाव होऊन बसते आणि पंधरा दिवसांपूर्वी चिन्ह हाती पडलेला उमेदवार बिननावाचाच मैदानात उतरतो, हे त्यातून दिसले.

निवडून आल्यावरही वाट सोपी नाही. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात गेला, तर पक्षांतरबंदी कायद्याने त्याचे सदस्यत्व जाते. तो पाठिंबा देऊ शकतो, प्रवेश करू शकत नाही. विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंब्याचे पत्र दिले ते याच कारणाने.

तरी सगळा दोष नियमांवर ढकलता येणार नाही. ग्रामपंचायत पाहा. महाराष्ट्रात ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढली जात नाही. कायद्याच्या दृष्टीने तिथला प्रत्येक उमेदवार अपक्षच. सूचक, चिन्ह, खर्च सगळ्यांना सारखेच. तरीही निवडणूक लागली की गावात दोन पॅनेल उभी राहतात: वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे, या भाऊंचे आणि त्या आबांचे. दोन्हींत न बसणारा माणूस तिथेही एकटा पडतो. म्हणजे पक्ष नसले तरी लोक दोन बाजू तयार करून घेतात, कारण जागा एक आणि भीती एकच: आपले मत वाया जाईल.

आपल्या घरातले भांडण

आता ज्यासाठी हे सारे लिहिले, त्या गोष्टीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी स्थानिक निवडणुकीला अपक्ष उभा राहिला. हुशार, नेक, मोहल्ल्यात कुणाचा दाखला अडला, रेशनकार्डावर नाव चुकले, तर धावून जाणारा. एका संध्याकाळी पत्रकाचा मजकूर घेऊन आमच्या घरी आला. मराठीतला आम्ही तपासला, उर्दूतला नव्याने लिहून दिला. जाताना त्याने विचारले, "सर, येईन ना मी?" आम्ही म्हणालो, "बेटा, माणूस तू चांगला आहेस." त्याच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले असावे.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात बोलणी सुरू झाली. "आपली मते फुटतील." "त्याला कुणीतरी उभा केला आहे." "पाकीट मिळाले असेल." मतकटवा, हा शब्द आम्ही तेव्हा आमच्याच नातेवाइकांच्या तोंडून ऐकला. निकालात त्याला शंभरही मते पडली नाहीत. त्यानंतर सहा महिने काही घरांनी त्याला सलामही केला नाही. त्याच्या बहिणीच्या निकाहला काही जण आले नाहीत. त्याच्या अम्मी आमच्या घरी येऊन रडल्या. म्हणाल्या, "पोरानं चोरी केली का सर?"

आम्ही काय उत्तर देणार? आम्हीही त्याला मत दिले नव्हते. आठवीच्या त्या मुलीसारखाच हिशेब आम्ही केला होता. हिशेब केल्याचे आम्हाला वाईट वाटत नाही. ज्याला दोघांपैकी एकाची धास्ती आहे, त्याने दुसऱ्याला मत देणे हा शहाणपणाच आहे. वाईट वाटते ते याचे की आपण आपला हिशेब गुपचूप केला आणि शिक्षा मात्र त्या पोराला दिली.

मुस्लिम समाजाला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त टोचतो, त्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी १० मुस्लिम आमदार. त्याच वर्षीच्या लोकसभेला राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर दोन्ही मोठ्या आघाड्यांपैकी कुणी मुस्लिम उमेदवार दिला नाही. दोन बाजूंपैकी एकीला आपले मत नको असते आणि दुसरीला ते गृहीत धरायचे असते. अशा वेळी कुणी तरुण 'मीच उभा राहतो' म्हणाला, तर तो वेडा नव्हे. आणि 'बाबा, मते फोडू नकोस' म्हणणारे वडीलही भित्रे नव्हेत. दोघेही एकाच पद्धतीच्या दोन टोकांना अडकलेले आहेत.

हेही लक्षात असू द्या की मते फक्त आपलीच फुटत नाहीत. औरंगाबादला २०१९ साली एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी खासदार झाले, तेव्हा हर्षवर्धन जाधव या अपक्षाने २,८३,७९८ मते घेतली होती. आणि मालेगाव मध्यला २०२४ साली एमआयएमचे मुफ्ती इस्माईल अवघ्या १६२ मतांनी जिंकले, ते नव्याने काढलेल्या एका स्थानिक पक्षाच्या आसिफ शेख यांच्याविरुद्ध. काँग्रेस आणि समाजवादी पक्षाचे उमेदवार तिथे फार मागे राहिले. जिथे मोठे पक्ष 'तिसरे' ठरले, तिथे त्यांचीही मते आटली. तेव्हा मतकटवा ही कुणाची जात नाही, धर्म नाही. तो फक्त मोजणीतला एक क्रमांक आहे.

मग करायचे काय?

आमच्या हातात एक मतपत्रिका अशी येते, जिच्यावर हा पेच नसतो. विधान परिषदेच्या पुणे विभाग शिक्षक मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे जिल्हे येतात. तिथे आम्ही एकाच नावापुढे शिक्का मारत नाही, तर पसंतीचे आकडे लिहितो: १, २, ३. पहिल्या फेरीत कुणालाही ठरलेला कोटा, म्हणजे निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते त्यावरच्या पुढच्या पसंतीला जातात. म्हणजे मनातल्या उमेदवाराला १ लिहायचे आणि दोघांपैकी त्यातल्या त्यात बऱ्याला २. मत वाया जात नाही. याच मतदारसंघातून २०१४ साली दत्तात्रय सावंत अपक्ष म्हणून निवडून आले होते. आमच्या वर्गात पसंतीक्रमाने मतदान घेतले असते, तर शांत मुलाला त्याची नऊही मते मिळाली असती आणि त्या नऊ जणांचा दुसरा कौलही मोजला गेला असता.

ही पद्धत विधानसभेला उद्या येईल असे नाही. ते काम संसदेचे आहे. पण तिची मागणी करणे आपल्या हातात आहे आणि तोवर तीन गोष्टीही.

पहिली, उभे राहू पाहणाऱ्यासाठी. कडेगावचे गगनचुंबी ताबूत आधी कळस आणि मग पाया अशा उलट्या क्रमाने बांधतात, ती आपल्या गावची जुनी कारागिरी आहे. निवडणूक तशी बांधता येत नाही. थेट विधानसभेचा अर्ज भरून नाव होत नसते. नगरपंचायतीच्या प्रभागात काही शे मतदार असतात. तिथे घरोघरी चालत जाता येते, चिन्ह सांगायला पंधरा दिवस पुरतात आणि माणूस ओळखीचा असतो. तिथे पहिला नाही तर दुसरा आलात, की पुढच्या वेळी तुम्ही तिसरे राहत नाही. ८६ मतांची हार पाच वर्षांनी विजय झाली, ती याच कारणाने.

दुसरी, जमातीतल्या वडीलधाऱ्यांसाठी. अर्ज भरण्याच्या आधी मशवरा करा, अर्ज भरल्यावर फतवेबाजी नको. 'तू का उभा राहतोस' याऐवजी 'तुझ्यामागे मोहल्ल्याबाहेरचे किती आहेत' हे विचारा. आपल्या संख्येवर एकटा कुणी जिंकत नाही. धनगर वस्तीतले, मराठा गल्लीतले, बौद्धवाड्यातले लोक ज्याला आपला म्हणतात, तोच पहिल्या दोघांत येतो. मोठ्या उमेदवारांशी बोलणीही करा, पण शेवटच्या रात्री नव्हे. शाळेची खोली, कब्रस्तानाची भिंत, पाण्याची टाकी, वसतिगृह यांची यादी निवडणुकीच्या वर्षभर आधी लेखी द्या आणि निकालानंतर ती यादी घेऊन पुन्हा जा. आपले मत गृहीत धरले जाते ते दोनच पर्याय असल्यामुळे, हे खरे. पण निकालानंतर आपण काही विचारत नाही, हेही एक कारण आहे.

तिसरी गोष्ट घरातली, आया-बहिणींसाठी आणि आम्हा पुरुषांसाठीही. उलेमा मताला अमानत म्हणतात, साक्ष म्हणतात. साक्ष ज्याची त्याने द्यायची असते. घरात चार मते आणि चारही वेगळ्या बटणावर गेली, तर आभाळ कोसळत नाही. एकाने हिशेब करून दोघांपैकी एकाला दिले, दुसरीने मनाला पटलेल्या तिसऱ्याला दिले. दोघांचीही साक्ष खरीच. दस्तरखानावर त्यावरून बोलचाल बंद होऊ नये.

तो आमचा विद्यार्थी सध्या मतदारयादीचे काम करतो. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांचे अर्ज, मयतांची वगळायची नावे. मोहल्ल्यात करतो आणि शेजारच्या गल्ल्यांतही. परवा एका हिंदू घरातल्या आजींचे नाव यादीतून गळाले होते, ते त्याने परत घालून दिले. पुन्हा उभा राहणार का, असे आम्ही विचारले तेव्हा तो हसला. म्हणाला, "सर, या वेळी पत्रक तपासून देऊ नका. मत द्याल का ते आधी सांगा."

आम्ही त्याला खरे ते सांगितले. म्हणालो, "पहिल्या दोघांत ये, मग आमचे मत तुझेच. आणि नाही आलास, तरी तुझ्या दुसऱ्या बहिणीच्या निकाहला आम्ही पहिल्या रांगेत असू."